मासळीच्या तेलाची कॅप्सूल आणि रक्तवाहिनीतला दाह

बाटलीवर पुढे ठळक अक्षरांत लिहिलंय, फिश ऑइल १००० मिलिग्रॅम. आता बाटली फिरवा. मागे बारीक अक्षरांत दोन आकडे आहेत: ईपीए १८०, डीएचए १२०. ही मासळीतली दोन ओमेगा-३ आम्लं. दाहाशी संबंध आहे तो या ३०० मिलिग्रॅमचा. उरलेले ७०० म्हणजे बहुतेक इतर चरबी.

हृदयाच्या रक्तवाहिनीत मेदाचा थर साचतो आणि त्यात मंद दाह धुमसत राहतो. त्यानं थरावरचं पातळ आवरण कमकुवत होतं, फाटतं, वर गुठळी धरते आणि झटका येतो. पेशींच्या पटलात ॲराकिडोनिक आम्ल असतं, दाह भडकवणारी बरीच रसायनं त्यापासूनच बनतात. ईपीए त्याच पटलात शिरतं, तीच एन्झाइम्स वापरतं, पण त्यापासून होणारी रसायनं बरीच सौम्य निघतात. शिवाय ईपीए आणि डीएचएपासून रिझॉल्विन तयार होतात. चढलेला दाह उतरवायचं काम त्यांचं.

मग रुग्णाला फायदा होतो का? २०१८ साली रिड्यूस-इट चाचणीचे निकाल आले. ८,१७९ जण, सगळे स्टॅटिनवर (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी), ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढलेले. निम्म्यांना शुद्ध ईपीएचं औषध, जेवणासोबत सकाळी २ ग्रॅम, रात्री २ ग्रॅम. सुमारे पाच वर्षांत झटका, पक्षाघात, हृदयविकारानं मृत्यू, छातीत दुखून दाखल होणं किंवा अँजिओप्लास्टीसारखे उपचार यांपैकी काहीतरी अशा घटना औषध घेणाऱ्या १७.२ टक्के लोकांत घडल्या, दुसऱ्या गटात २२ टक्क्यांत.

पण त्या दुसऱ्या गटाच्या कॅप्सूलमध्ये खनिज तेल होतं. दाह मोजणाऱ्या रक्ततपासणीतली एचएस-सीआरपी त्यांच्यात दोन वर्षांत २.१ वरून २.८ वर गेली, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलही वाढलं. ईपीए गटात सीआरपी २.२ वरून १.८ वर आली. म्हणजे दोन गटांतलं अंतर काही प्रमाणात तुलनेच्या तेलानंच वाढवलं असेल का, हा वाद अजून मिटलेला नाही. २०२० च्या स्ट्रेंग्थ चाचणीत तुलनेला मक्याचं तेल होतं. तिथं ईपीए आणि डीएचए असलेलं औषध रोज ४ ग्रॅम देऊनही फायदा दिसेना, चाचणी मुदतीआधीच थांबवली. औषध मात्र वेगळं होतं, त्यामुळे एकीनं दुसरी खोटी ठरत नाही. आमच्या मते, दुकानातली रोजची एक कॅप्सूल दाहावरचं औषध म्हणून घेण्याइतका आधार यातून मिळत नाही.

आणि ४ ग्रॅम गाठायला अशा तेरा-चौदा कॅप्सूल स्वतःच्या मनानं तर मुळीच घेऊ नका. मोठ्या मात्रेत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाची लय बिघडणं, वाढतं. रिड्यूस-इटमध्ये त्यासाठी ३.१ टक्के जणांना दाखल करावं लागलं, दुसऱ्या गटात २.१. नाडी अनियमित लागली तर ईसीजी काढा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर या कॅप्सूलबद्दल डॉक्टरांना आधी सांगा. स्टॅटिन बंद करून ही कॅप्सूल, असा बदल कधीच करू नका.

सीआरपी तपासायची असेल तर सर्दी-ताप किंवा दाढेची सूज असताना नको. आकडा १० च्या वर आला तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा.

जवसाची चटणी जरूर खा, पण जवसातल्या आम्लाचं शरीरात ईपीए फार थोडं होतं. बांगडा, तारली यांत ते तयार मिळतं. आठवड्यातून दोनदा, कालवण करून, तळून नव्हे. कॉड लिव्हर ऑइल मात्र वेगळं. त्यात अ जीवनसत्त्व असतं आणि जास्त घेतलं तर तेच अंगाशी येतं.

कॅप्सूल घेत असाल तर उपाशीपोटी नको, जेवणातल्या तेला-तुपासोबत ती नीट शोषली जाते. महिन्यातून एकदा एक कॅप्सूल सुईनं टोचून थेंब बोटावर घ्या. मासळीचा हलका वास ठीक आहे. खवट, जुन्या रंगासारखा उग्र वास आला तर तेल बिघडलंय, ती बाटली टाकून द्या.