घरात कोण, दाराबाहेर कोण

नमस्कार मंडळी! आज थोडं होम इन्व्हेजन थ्रिलरबद्दल बोलूया, म्हणजे ते पिक्चर ज्यात रात्री कुणीतरी घरात घुसतं आणि आतल्यांना सकाळपर्यंत जिवंत राहायचं असतं. एक घर, मोजून पाच-सहा माणसं, त्यामुळे लेखकाने कुणाला घरमालक केलंय आणि कुणाला चोर केलंय हे लगेच डोळ्यात भरतं. आणि बरेचदा काय व्हायचं, घर गोऱ्या सुखवस्तू फॅमिलीचं, बाकीचे सगळे दाराबाहेर.

२०१९ च्या 'अस' मध्ये जॉर्डन पीलने सुट्टीसाठी आलेली कृष्णवर्णीय मध्यमवर्गीय फॅमिली घरात बसवली, आणि त्यांच्यावर चालून येतात ते हुबेहूब त्यांच्यासारखेच दिसणारे लोक. बाप पांचट जोक मारतो, पोरं कंटाळलेली, म्हणजे अगदी नॉर्मल घर, ते काळे का आहेत याचं स्पष्टीकरण कुणी देत बसत नाही. मला हे फार आवडलं.

पण या प्रकारात सगळ्यात जास्त वापरून घेतलंय कुणाला माहितीये? अपंग बाईला. १९६७ च्या 'वेट अनटिल डार्क' मध्ये ऑड्री हेपबर्न अंध आहे, ती घरातले बल्ब फोडते म्हणजे आता अंधारात दोघं सारखेच, आणि तेवढ्यात तो गुंड फ्रिजचं दार उघडतो. काय डोकं आहे! मग २०१६ चा 'हश', त्यात लेखिका बहिरी, काचेपलीकडे मैत्रिणीचा खून होतोय आणि हिला पत्ताच नाही. दोन्ही पिक्चर भारी, दोन्हीकडे ती बाई हुशार, पण खऱ्या आयुष्यात ऑड्रीला दिसत होतं आणि 'हश'मधली ती लेखिका झालेल्या केट सीगलला ऐकू येतं. 'हश'च्या वेळी यावर बहिऱ्या प्रेक्षकांनी नाराजी दाखवली होती, आणि मला ती बरोबर वाटते, एवढा मोठा रोल वर्षानुवर्षात एकदा लिहिला जातो आणि तोही हातचा गेला.

म्हणून २०२१ चा 'सी फॉर मी' बघा. कॅनडाचा पिक्चर आहे, हिरोइन सोफी अंध, आणि भूमिका करणाऱ्या स्कायलर डेव्हनपोर्ट यांनाही खरंच कमी दिसतं. पण त्याहून मजा म्हणजे सोफी काही बिचारी वगैरे नाहीये. ज्या घरात राखणीला जाते तिथली महागडी वाइन ढापते, आणि चोर आले की त्यांच्याशीच सौदा करायला बघते! अंध माणसाला लबाड असायची मुभा देणारा पिक्चर आधी किती बघितलाय तुम्ही?

आता २०२३ चा 'नॉक अॅट द केबिन'. एरिक आणि अँड्र्यू हे गे जोडपं, दत्तक घेतलेली छोटी मुलगी, आणि हत्यारं घेऊन आलेले चार अनोळखी लोक म्हणतात की तुमच्यातला एकजण मेला नाही तर जग संपेल. अँड्र्यूला वाटतं हे सगळं थोतांड, आपण गे आहोत म्हणून आपल्यालाच धरलंय, कारण पूर्वी बारमध्ये त्याच्या डोक्यात बाटली घालणारा माणूस त्याला या चौघांतच दिसतो. म्हणजे प्रेक्षकाला शेवटपर्यंत जो संशय छळतो तो या जोडप्याच्या जगण्यातूनच आलाय, इथे दुसरं कुठलं जोडपं ठेवलं असतं तर निम्मा पिक्चर तिथेच बसला असता. शेवट मला काही पटला नाही, तो इथे फोडत नाही, बघून तुम्हीच भांडा माझ्याशी.