चित्र जरा कडेनेही बघा

नमस्कार मंडळी! आज अॅब्स्ट्रॅक्ट पेंटिंगबद्दल बोलायचंय, पण रंगांबद्दल कमी आणि कडांबद्दल जास्त. चित्र आपण सगळे समोरून बघतो, कडेला जाऊन कोणी वाकत नाही, आणि माझं म्हणणं असं की गेल्या साठ-सत्तर वर्षांतली खरी उलथापालथ तिथेच झालीय.

अमेरिकन चित्रकार फ्रँक स्टेला घ्या. 1959 च्या सुमारास त्याने काळ्या पट्ट्यांची चित्रं केली, तेव्हा कॅनव्हास ताणायच्या लाकडी चौकटीच्या पट्ट्या सपाट न ठेवता कडेवर उभ्या लावल्या, म्हणजे चित्र भिंतीपासून चांगलं 3 इंच पुढे आलं. एवढ्यानेच ते वस्तू वाटायला लागलं! मग 1960 मध्ये अॅल्युमिनियम पेंटच्या चित्रांत पट्टे वळवताना कोपऱ्यात काही तुकडे उरायचे, ते पॅटर्नमध्ये बसेनात, तर पठ्ठ्याने चौकटच त्या खाचांसकट बनवली. आतल्या डिझाइनने बाहेरचा आकार ठरवला, हे मला फार मोठं वाटतं. त्याचं ते गाजलेलं वाक्य, जे दिसतं तेच आहे अशा अर्थाचं, 1964 साली रेडिओसाठी घेतलेल्या मुलाखतीतूनच पुढे आलं बरं का. त्या मुलाखतीत सोबत डोनाल्ड जड हा कलाकार आणि समीक्षकही होता, आणि त्याने 1965 मध्ये लिहिलं की अलीकडचं निम्मं किंवा त्याहून जास्त उत्तम काम ना चित्र आहे ना शिल्प. तक्रार नव्हती ती, त्याला हेच हवं होतं.

पण सुटे भाग जोडून केलेलं चित्र म्हटलं की मला आधी एल्सवर्थ केली हा अमेरिकन चित्रकार आठवतो. फ्रान्समध्ये असताना 1951 साली त्याने 64 चौकोनी कॅनव्हास, एकेकावर एकच रंग, असे 8 गुणिले 8 जोडले. आता नीट बघा, काळ्याच्या शेजारी पिवळा आला तर मधली रेघ कोणी ब्रशने काढलेली नाही, ती दोन कॅनव्हासमधली खरीखुरी सांध आहे, बोट फिरवलं तर लागेल अशी. रंग संपतो तिथे वस्तूही संपते.

आणि ब्राझीलची लिजिया क्लार्क, मूळची चित्रकारच, ती तर भिंत सोडूनच निघाली. 1960 पासून तिने धातूचे सपाट पत्रे बिजागऱ्यांनी जोडून 'बिशोस' केले, म्हणजे प्राणी. तुम्ही हातात घेऊन उघडायचे, दुमडायचे, एक पत्रा हलवला की दुसरा आपोआप सरकतो, कधी अडतो, मग दुसरीकडून प्रयत्न करायचा, आणि प्रत्येक वेळी आकार नवा. आज मात्र मूळ बिशोस म्युझियममध्ये बरेचदा काचेआड असतात. जपायला हवेत हे मान्य, पण मग शेजारी हात लावता येईल अशी कॉपी ठेवायलाच हवी, कारण न हलवलेला बिशो बघितला म्हणजे अर्धंच काम बघितलं.