दिसत होतं, तरी हललो नाही

(पडद्यावर: न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराची इमारत. त्यानंतर आयबीएमच्या जुन्या मेनफ्रेम संगणकांची कृष्णधवल छायाचित्रं.)

नोव्हेंबर २०११. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरातून एक बातमी बाहेर पडते आणि वॉल स्ट्रीटवर सगळ्यांच्या भुवया उंचावतात. प्रसिद्ध गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे कंपनीनं आयबीएम या संगणक कंपनीचे सुमारे १०.७ अब्ज डॉलरचे शेअर गाजावाजा न करता गोळा केलेत. आयबीएममधला जवळपास साडेपाच टक्के हिस्सा आता त्यांचा आहे.

तंत्रज्ञानातलं मला कळत नाही, म्हणून मी त्या वाटेला जात नाही, असं बफे वर्षानुवर्षं सांगत आले होते. विमा, बँका, रेल्वे, कोका-कोला, मिठाईची दुकानं, असल्या सरळ धंद्यांवर त्यांनी संपत्ती उभी केली होती. वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांनी हा नेम मोडला.

नेम मोडण्याआधी त्यांनी अभ्यास केला होता. आयबीएमचा वार्षिक अहवाल ते पन्नास वर्षं वाचत होते. आपल्याच समूहातल्या कंपन्यांच्या संगणक विभागांकडेही त्यांनी चौकशी केली. उत्तर आलं की, एकदा आयबीएमची यंत्रणा बसली की कंपन्या ती सहसा बदलत नाहीत. ग्राहक जागचा हलत नाही म्हणजे धंदा पक्का, हा बफेंचा जुना हिशेब. तो इथेही जमला.

पण ग्राहक हलला. स्वतःचे सर्व्हर विकत घेण्याऐवजी कंपन्या ॲमेझॉनसारख्यांकडून संगणकाची ताकद भाड्यानं घेऊ लागल्या. आयबीएमचं उत्पन्न २०१२ पासून सलग २२ तिमाह्या घसरत गेलं. त्याच काळात कंपनी अब्जावधी डॉलर खर्चून स्वतःचेच शेअर बाजारातून परत विकत घेत होती. शेअरची संख्या कमी झाली की शेअरमागचा नफा मोठा दिसतो. २०१५ पर्यंत शेअरमागे २० डॉलर नफा दाखवायचाच, असं तिनं गुंतवणूकदारांना सांगून ठेवलं होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये तो आकडा सोडून द्यावा लागला.

माझ्या मते आयबीएमचं पाऊल इथेच वाकडं पडलं. जाहीर केलेल्या आकड्याच्या मागे धावताना धंदा नव्यानं उभा करायची वर्षं हातची गेली. आणि हेही सांगायला हवं, की शेअर परत घेण्याच्या याच धोरणाचं बफेंनी भागधारकांना लिहिलेल्या पत्रात भरभरून कौतुक केलं होतं.

२०१७ च्या वार्षिक सभेत, हजारो भागधारकांसमोर, आयबीएमबद्दल माझं चुकलं, असं त्यांनी सांगितलं. २०१८ च्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ सगळे शेअर विकून झाले होते. त्या सहा वर्षांत अमेरिकी बाजाराचा निर्देशांक दुपटीहून वर गेला होता.

(पडद्यावर: आयडाहोतले डोंगर, सन व्हॅलीचा परिसर. नॅसडॅकचा चढता आलेख.)

तंत्रज्ञानाबद्दल बफे काय मानतात, हे समजून घ्यायला १९९९ च्या जुलैत जावं लागतं. आयडाहो राज्यातल्या सन व्हॅलीत इंटरनेट कंपन्यांचे तरुण मालक जमले होते. कागदावरची त्यांची संपत्ती रोज वाढत होती. त्यांच्यासमोर बफे मोटारींबद्दल बोलले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मोटारी बनवणारे दोन हजारांच्या घरात होते, शेवटी उरल्या तीन कंपन्या. मोटारीनं जग बदललं, पण त्यात पैसे घालणाऱ्या बहुतेकांचे पैसे बुडाले. शोध मोठा आहे म्हणून गुंतवणूकदाराला फायदा होईलच असं नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

ते ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. त्या वर्षी बर्कशायरचा शेअर जवळपास २० टक्के पडला आणि बफेंचा काळ संपला, असं वर्तमानपत्रं लिहू लागली. १० मार्च २००० ला नॅसडॅक, म्हणजे तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला निर्देशांक, ५,०४८ वर पोहोचला. ऑक्टोबर २००२ मध्ये तो १,११४ वर होता.

या सगळ्या आधीच बफेंचं सिलिकॉन व्हॅलीशी एक भांडण होऊन गेलं होतं. ते फारसं आठवलं जात नाही, पण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. पुण्याच्या हिंजवडीत ज्याला ईसॉप म्हणतात, त्या शेअर ऑप्शनचं, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या भावानं पुढे विकत घेण्याच्या हक्काचं, हे भांडण. तंत्रज्ञान कंपन्या पगाराचा मोठा भाग ऑप्शनच्या रूपात द्यायच्या आणि नफ्याच्या हिशेबात तो खर्च धरायच्याच नाहीत. १९९२ सालच्या पत्रात बफेंनी प्रश्न टाकला. ऑप्शन हा मोबदला नसेल तर तो आहे तरी काय? मोबदला हा खर्च नसेल तर मग काय आहे? आणि नफा मोजताना खर्च धरायचा नाही, तर तो धरायचा कुठे?

हिशेबाचे नियम ठरवणाऱ्या मंडळानं ऑप्शन खर्चात धरायचं ठरवलं, तेव्हा सिलिकॉन व्हॅली वॉशिंग्टनला धावली. १९९४ मध्ये अमेरिकी सिनेटनं ८८ विरुद्ध ९ मतांनी त्या प्रस्तावाविरुद्ध ठराव केला. मंडळ मागे सरलं. सक्तीचा नियम यायला २००४ साल उजाडलं. मधल्या दहा वर्षांत एनरॉन या ऊर्जा कंपनीचा हिशेबाचा घोटाळा झाला, डॉटकॉमचा फुगा फुटला, आणि जो नफा बघून लोक शेअर घेत होते तो फुगवलेला असल्याचं अनेकांना फार उशिरा कळलं. या भांडणात बफे पूर्णपणे बरोबर होते.

(पडद्यावर: गायको विमा कंपनीच्या जाहिराती. गूगलच्या शोधचौकटीत अक्षरं उमटतात.)

गूगलच्या बाबतीत मात्र ते चुकले. ती चूकही त्यांच्या घरातच घडत होती.

गायको ही बर्कशायरच्या मालकीची मोटारविमा कंपनी. ग्राहक मिळवायला ती गूगलवर जाहिराती द्यायची. कुणीतरी विम्याचा शोध घ्यायचा, गायकोच्या दुव्यावर बोट ठेवायचा आणि गूगलच्या खात्यात दहा-अकरा डॉलर पडायचे. त्या एका क्लिकसाठी गूगलला जवळपास काहीच खर्च येत नव्हता. वरून गायकोला ही जाहिरात परवडतही होती, कारण त्यातून ग्राहक येत होते. याहून चांगला धंदा कुठला, हे बफेंनी नंतर स्वतःच सांगितलं.

इतकंच नाही, शेअर बाजारात उतरण्याआधी गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन त्यांना भेटून गेले होते. गुंतवणूकदारांसाठी त्यांनी जे निवेदन लिहिलं, त्यात बफेंच्या लिखाणाचा प्रभाव त्यांनी उघडपणे मान्य केला होता. समोर बसलेल्या दोघांना हवे ते प्रश्न विचारता आले असते. ऑगस्ट २००४ मध्ये शेअर ८५ डॉलरला बाजारात आला. बर्कशायरनं एकही घेतला नाही.

चार्ली मंगर हे बफेंचे अर्ध्या शतकाचे जोडीदार, बोलायला अत्यंत रोखठोक. २०१९ च्या सभेत ते म्हणाले की, गूगलच्या जाहिराती किती चालतात हे आम्हाला आमच्याच कंपन्यांत दिसत होतं आणि आम्ही अंगठा चोखत बसलो. आम्हाला त्याची लाज वाटते.

घेतलेला शेअर बुडाला तर तो तोटा वहीत दिसतो. न घेतलेल्या शेअरची नोंद कुठेच होत नाही, त्यामुळे त्याबद्दल कुणी जाबही विचारत नाही. या दोघांनी तो जाब स्वतःला जाहीरपणे विचारला, वर्षामागून वर्षं, आणि म्हणून मला त्यांचं ऐकावंसं वाटतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये बर्कशायरनं गूगलची मूळ कंपनी अल्फाबेटमधले सुमारे ४.३ अब्ज डॉलरचे शेअर घेतल्याचं जाहीर केलं. पहिली संधी गेल्याला तेव्हा २१ वर्षं झाली होती.

(पडद्यावर: आयफोन हातात घेतलेली माणसं. बस, शाळा, आइस्क्रीमचं दुकान.)

आयबीएममधून पाय काढत असतानाच बफे ॲपलमध्ये शिरत होते. २०१६ च्या सुरुवातीला बर्कशायरमधल्या त्यांच्या दोन गुंतवणूक सहकाऱ्यांपैकी एकानं थोडे शेअर घेतले. पुढे बफेंनी स्वतः सूत्रं हाती घेतली आणि २०१८ अखेरपर्यंत सुमारे ३६ अब्ज डॉलर ॲपलमध्ये घातले. ते स्वतः तेव्हा घडीचा साधा मोबाइल वापरत होते. पण नातवंडं आणि त्यांचे मित्र फोनला कसे चिकटून असतात, हे ते पाहत होते.

फोनच्या आतली चिप कशी चालते, या प्रश्नात ते शिरलेच नाहीत. त्यांची कसोटी त्यांनी २०२३ मध्ये सांगितली. पुन्हा कधीही आयफोन घ्यायचा नाही या अटीवर कुणी दहा हजार डॉलर देऊ केले तर आयफोनवाला ते नाकारेल. फोर्डची गाडी पुन्हा घेऊ नकोस म्हणून तेवढेच पैसे दिले, तर तो पैसे खिशात घालेल आणि शेवरले घेईल. ॲपलनं बर्कशायरला इतिहासातला सर्वांत मोठा नफा मिळवून दिला. २०२४ मध्ये त्यांनी त्यातले जवळपास दोन तृतीयांश शेअर विकून टाकले.

(पडद्यावर: १९९१ सालचं अमेरिकी संसदेतलं चित्रीकरण. साक्षीसाठी बसलेले बफे.)

कंपन्यांच्या चुकांबद्दल बफेंचं मत बनलं ते सॉलोमन ब्रदर्समध्ये. या वॉल स्ट्रीटवरच्या बड्या पेढीत बर्कशायरचे ७० कोटी डॉलर होते. पेढीचा एक व्यापारी सरकारी रोख्यांच्या लिलावात ग्राहकांच्या नावे खोट्या बोली लावत होता, कारण एका बोलीदाराला ३५ टक्क्यांहून जास्त रोखे घेता येत नव्हते. एप्रिल १९९१ च्या अखेरीला हे वरिष्ठांना कळलं. सरकारला सांगायला हवं यावर सगळ्यांचं एकमत झालं. आणि ऑगस्टपर्यंत कुणीच सांगितलं नाही.

एका व्यापाऱ्याचा गुन्हा पेढीनं पचवला असता. त्या तीन-साडेतीन महिन्यांच्या गप्प बसण्यानं तिला मरणाच्या दारात नेलं. १८ ऑगस्टला बफे हंगामी अध्यक्ष झाले. त्यांनी तपास यंत्रणांना सगळे कागद खुले केले आणि व्यवस्थापकांना पत्र लिहून ओमाहातल्या घराचा फोन नंबर दिला. कुणी कायदा किंवा नीती मोडताना दिसलं तर थेट मला कळवा. पेढी २९ कोटी डॉलर भरून वाचली.

पंचवीस वर्षांनी तेच वेल्स फार्गो बँकेत घडलं, आणि तेव्हा बर्कशायर तिची सर्वांत मोठी भागधारक होती. एकेका ग्राहकाच्या गळ्यात बँकेची आठ-आठ उत्पादनं मारायची, असं लक्ष्य कर्मचाऱ्यांवर लादलेलं होतं. ते गाठायला त्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. डिसेंबर २०१३ मध्येच लॉस एंजेलिस टाइम्सनं या दडपणाबद्दल लिहिलं होतं. बँकेनं पाच वर्षांत ५,३०० माणसांना कामावरून काढलं, पण लक्ष्य तसंच ठेवलं. सप्टेंबर २०१६ मध्ये साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला आणि सगळं चव्हाट्यावर आलं.

काउंटरवर बसणाऱ्या त्या हजारो माणसांचा विचार मनातून जात नाही. खोटं करायला भाग पाडणारी पद्धत वरून आली आणि नोकरी गेली ती खालच्यांची.

बफे २०१७ च्या सभेत म्हणाले की, चुकीचं बक्षीस ठेवणं ही चूक होतीच, पण कळल्यावरही काही न करणं ही त्याहून कितीतरी मोठी चूक. खरं आहे. पण त्यांच्याच मापानं त्यांना मोजलं तर तेही कमी पडतात. एवढा मोठा भागधारक त्या काळात याहून बरंच काही करू शकला असता. बर्कशायर टप्प्याटप्प्यानं शेअर विकत राहिली आणि पूर्ण बाहेर पडायला तिला २०२२ उजाडलं.

(पडद्यावर: मुंबई, वांद्रे-कुर्ला संकुल. चहाच्या टपरीवरचा क्यूआर कोड.)

बर्कशायरचा पैसा भारतातही आला होता. २०१८ मध्ये तिनं पेटीएमच्या मूळ कंपनीत सुमारे २,२०० कोटी रुपये गुंतवले. तो निर्णय बफेंचा नव्हता, त्यांचे सहकारी टॉड कोम्ब्स यांचा होता. शेअरमागे सरासरी खर्च होता १,२८० रुपयांच्या आसपास. नोव्हेंबर २०२१ मध्ये पेटीएमचा आयपीओ, म्हणजे लोकांसाठीची पहिली शेअर विक्री, २,१५० रुपयांना आला. पहिल्याच दिवशी शेअर २७ टक्के खाली, १,५६४ ला बंद झाला. मोबाइलवरून अर्ज भरून पहिल्यांदाच बाजारात आलेले कितीतरी लोक त्यात होते.

२४ नोव्हेंबर २०२३ ला बर्कशायरनं उरलेला सगळा हिस्सा राष्ट्रीय शेअर बाजारात सुमारे ८७७ रुपये भावानं, १,३७० कोटींना विकला. तोटा मोठा होता, तरी तो घेऊन ती बाहेर पडली. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेनं पेटीएम पेमेंट्स बँकेला नव्या ठेवी घ्यायला बंदी जाहीर केली. पुढचे दोन दिवस शेअरला २० टक्क्यांचं लोअर सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव पडण्याची कमाल मर्यादा, लागलं आणि भाव ४८७ रुपयांवर आला. ज्यांनी २,१५० ला घेतला होता त्यांतले अनेकजण, भाव परत येईल म्हणून, तेव्हाही तो धरून बसले होते.