तळघरातला रंगभूषाकार

(पडद्यावर: वाळवंटातलं उत्खनन. उन्हात सावकाश चालणारी एक वाकलेली आकृती.)

उत्तर इराकमधलं रणरणतं ऊन. एक म्हातारा पाद्री चहाच्या दुकानात बसलाय. थरथरत्या हातानं गोळी काढतो, तोंडात टाकतो. गळ्याची कातडी लोंबतेय, डोळ्यांभोवती सुरकुत्यांचं जाळं. सत्तरी उलटली असणार, असं कुणीही म्हणेल.

या नटाचं नाव मॅक्स फॉन सिडो. आणि वय? फक्त ४४.

हे दृश्य १९७३ सालच्या ‘दि एक्झॉर्सिस्ट’ या भयपटातलं. हा चित्रपट म्हटलं की सगळ्यांना त्यातली पछाडलेली मुलगी आठवते. तिचा फाटलेला चेहरा, हिरवी ओकारी, गरकन मागे फिरणारं डोकं. हे सगळं ज्यांनी घडवलं ते रंगभूषाकार म्हणजे डिक स्मिथ. पण त्यांचं खरं कसब मला विचाराल तर या म्हाताऱ्यात आहे. मुलीकडे बघून आपण दचकतो, तेव्हा कुठेतरी ठाऊक असतं की हा मेकअप आहे. पाद्र्याकडे बघताना तशी शंकाच येत नाही. शंका नाही, म्हणून कौतुकही नाही. या धंद्यातली गंमत आणि पंचाईत, दोन्ही इथेच आहे.

(पडद्यावर: गालावर स्पंजनं टिपकणारा हात, अगदी जवळून.)

सुरकुती करायची कशी? एक पद्धत बघा. दोन बोटांनी गालाची कातडी ताणून धरायची. त्यावर पातळ लेटेक्स, म्हणजे रबराचा चीक, स्पंजनं हलके हलके टिपायचा. ड्रायरनं वाळवायचा, वर पावडर मारायची, आणि मग ताण सोडायचा. कातडी आपल्या जागी परत येते, तिच्यावरचा रबराचा पापुद्रा चुरगळतो. झाली सुरकुती! आणि ती नटाच्या स्वतःच्या कातडीच्या घड्यांतच पडते, म्हणून तो हसला की हसते, चिडला की चिडते. नुसत्या पेन्सिलीनं रेघोट्या ओढून हे जमत नाही.

स्मिथ यांचा जन्म १९२२ सालचा, न्यूयॉर्कजवळच्या लार्चमाँटचा. येल विद्यापीठात गेले ते दातांचे डॉक्टर व्हायला. तिथे रंगभूषेवरचं एक पुस्तक हाती लागलं आणि दात राहिले बाजूला. १९४५ मध्ये एनबीसी या टीव्ही कंपनीत रंगभूषेचं खातं त्यांच्याकडे आलं. पुढची १४ वर्षं तिथेच गेली. तेव्हाची टीव्ही नाटकं थेट प्रक्षेपित व्हायची, कॅमेरा कुणासाठी थांबायचा नाही. सफाई आणि वेग दोन्ही अंगी बाणायला याहून चांगली शाळा कुठली?

(पडद्यावर: प्लास्टरचे साचे, शाडूच्या मातीसारख्या मातीत कोरलेला म्हातारा चेहरा.)

मग १९७० साली ‘लिटल बिग मॅन’ आला. डस्टिन हॉफमन तेव्हा जेमतेम तिशीतले, आणि त्यांना करायचं होतं १२१ वर्षांचं. त्या काळी रिवाज असा होता, की चेहऱ्याचा साचा घ्यायचा, त्यावर मातीत म्हातारपण कोरायचं आणि फोम लेटेक्सचा एकसंध मुखवटा ओतून तो नटाला चढवायचा. फोम लेटेक्स म्हणजे क्रीमसारखा घुसळून, साच्यात घालून ओव्हनमध्ये भाजलेला रबराचा चीक. स्पंजासारखा हलका. पण मुखवटा कितीही मऊ असला तरी तो शेवटी मुखवटाच. आत नट हसतो, बाहेर काहीच पोचत नाही.

स्मिथ यांनी त्याचे तुकडे केले. गाल वेगळा, हनुवटी वेगळी, कपाळ वेगळं. प्रत्येक तुकड्याची कड इतकी पातळ की चिकटवल्यावर सांधा सापडू नये, आणि एकाची कड दुसऱ्यावर चढलेली. हॉफमन यांच्यासाठी तर पापण्यासुद्धा केल्या, मिटणाऱ्या, उघडणाऱ्या. लावायला तासन् तास लागायचे. धंद्यातल्या जुन्या मंडळींनी सुरुवातीला या पद्धतीला नाकं मुरडली. एवढा खटाटोप कशाला? आज जगभर प्रोस्थेटिक मेकअप, म्हणजे चेहऱ्यावर असे तुकडे चिकटवून केलेली रंगभूषा, साधारण याच वाटेनं होतो.

‘रंगभूषा’ हा आपला शब्द सुंदर आहे, पण इथे तो थोडा अपुरा पडतो. हे काम रंगाऱ्याचं कमी आणि मूर्तिकाराचं जास्त. त्यातही मूर्ती जिवंत, घामेजणारी, मध्येच जेवायला उठणारी.

‘गॉडफादर’मधल्या मार्लन ब्रँडोंबद्दल आपण ऐकलेलं असतं, की गालात कापसाचे बोळे कोंबले होते. बोळे होते ते चाचणीच्या वेळी. प्रत्यक्ष चित्रपटात स्मिथ यांनी ब्रँडोंच्या खालच्या दातांवर एक छोटं उपकरण बसवलं होतं. त्यानं गाल खाली ओघळल्यासारखे दिसायचे. दातांचा डॉक्टर व्हायचं राहिलेल्या माणसानं शेवटी दातांशीच गाठ घातली!

आणि रक्त. जुन्या चित्रपटांतलं रक्त बघा, रंगाच्या डब्यातनं सांडल्यासारखं दिसतं. स्मिथ यांनी मक्याचा घट्ट पाक घेतला, त्यात खाण्याचा लाल आणि पिवळा रंग, टिकावा म्हणून थोडं परिरक्षक, आणि एक अजब वस्तू: फोटोची फिल्म धुताना वापरतात ते कोडॅकचं द्रावण. फिल्मवर पाण्याचे थेंब राहू नयेत, यासाठी ते असतं. रक्तात घातलं की रक्त कपड्यावर मण्यांसारखं न राहता आत मुरतं, पसरतं. फक्त ते विषारी, तोंडात जाईल तिथे चालत नाही. ‘टॅक्सी ड्रायव्हर’च्या शेवटी सांडलेलं रक्त स्मिथ यांचंच.

ही कृती आज मला सांगता येतेय, कारण त्यांनी ती लपवलीच नाही. रंगभूषेच्या धंद्यात तेव्हा सूत्रं कुलपात असायची. उस्ताद शागिर्दाकडेसुद्धा पाठ करून मिश्रण कालवायचा. स्मिथ यांनी १९६५ मध्ये मुलांसाठी एक पुस्तिका काढली, घरातल्या वस्तूंतून राक्षस कसा करायचा याची. पुढे टपालानं शिकवण्याचा अभ्यासक्रमही चालवला. कामाची जागा म्हणजे घराचं तळघर, आणि तिथून देशभर उत्तरं जायची.

(पडद्यावर: टपालाचे लिफाफे, हातानं लिहिलेली पत्रं.)

असाच एक पत्रलेखक पोरगा रिक बेकर. ‘एक्झॉर्सिस्ट’च्या वेळी तो स्मिथ यांचा मदतनीस होता. ऑस्करमध्ये तेव्हा रंगभूषेचं नियमित पारितोषिकच नव्हतं, त्यामुळे ना ‘गॉडफादर’ला मिळालं, ना पाद्र्याला. ते सुरू झालं १९८१च्या चित्रपटांपासून, आणि पहिलंच गेलं रिक बेकरला. शिष्याला आधी! गुरूंना ‘आमाडेउस’ या चित्रपटातल्या म्हाताऱ्या संगीतकार सालिएरीसाठी मिळालं, ते १९८५ मध्ये. मग २०११ साली मानद ऑस्कर. २०१४ मध्ये, वयाच्या ९२व्या वर्षी, ते गेले.

आणखी एका मुलानं त्यांना पत्र लिहिलं होतं. काही दिवसांनी घरी एक छोटं खोकं आलं. उघडलं तर आत रबराची एक जीभ, ‘एक्झॉर्सिस्ट’मध्ये वापरलेली. त्या मुलाचं नाव जे. जे. एब्रम्स. पुढे त्यानं ‘स्टार ट्रेक’ आणि ‘स्टार वॉर्स’ या मालिकांमधले चित्रपट दिग्दर्शित केले.

(पडद्यावर: उघडं खोकं. आत जीभ. काळोख.)