देवघेवीचा तास

(नागपुरातील शालेय ग्रंथपालांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

वाचनसंस्कृतीवरचं भाषण आपण दर 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, ऐकतोच. आज फक्त ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या देवघेवीबद्दल बोलू. आठवी ते दहावीची मुलं वाचत नाहीत याचं खापर मोबाइलवर फोडण्याआधी एक हिशेब मांडा. तासिका 35 मिनिटांची, वर्गात 60 मुलं. दाखल क्रमांक (नोंदवहीत त्या पुस्तकाला मिळालेला क्रमांक), नाव, तारीख, सही यात प्रत्येकी अर्धं मिनिट गेलं तरी 30 मिनिटं रांगेतच संपली. मागे उभा असलेला पोरगा मग हाताला लागेल ते उचलतो आणि पुढच्या आठवड्यात न उघडता परत आणतो.

म्हणून परतीची पुस्तकं तासिकेत घेऊच नका. सकाळी प्रार्थनेआधी वर्गात खोका ठेवायचा, ग्रंथप्रमुख मुलांनी तो आणून द्यायचा, जमा तुम्ही निवांत करायची. देताना पुस्तक-कार्ड वापरा. मुलगी पुस्तकाच्या मागच्या खिशातलं कार्ड काढते, त्यावर हजेरी क्रमांक लिहिते, वर्गाच्या ट्रेमध्ये टाकते. तुम्ही फक्त तारखेचा शिक्का मारता. ट्रेमधली कार्डं मात्र दाखल क्रमांकाने लावा. हजेरी क्रमांकाने लावली की घोळ होतो, कारण परत आलेल्या पुस्तकावर दाखल क्रमांकच असतो.

यातून वीसेक मिनिटं वाचतात. त्यातली पहिली तीन-चार तुमची. दोनच पुस्तकांची ओळख करून द्या. लेखकाचा जन्म, पुरस्कार वगैरे सोडा. विसाव्या-तिसाव्या पानाच्या आसपासचा, काहीतरी बिघडत चाललेला प्रसंग निवडा, दीड मिनिट वाचा आणि ऐन वेळी थांबा. पानं आदल्या दिवशी मोठ्याने वाचून ठेवा. तिथेच अडखळलात तर वर्ग गेला. आणि एकच प्रत असलेलं पुस्तक असं वाचू नका. दहा हात वर येतात, नऊ जण हिरमुसतात. निदान तीन प्रती हव्यात, शिवाय प्रतीक्षायादी.

उरलेला वेळ मुलांचा. टेबलावर 30-40 पुस्तकं मुखपृष्ठ वर करून मांडा. ‘बालवाङ्मय’ अशी पाटी असलेल्या कपाटाकडे नववीचा मुलगा ढुंकूनही बघणार नाही, जरी त्याला झेपणारी पुस्तकं तिथेच असली तरी. पाटी काढा. पंचवीस पानांनंतर पुस्तक सोडून द्यायची मुभा द्या, आणि सारांश लिहून मागू नका. तो मित्राच्या वहीतून उतरतो. शरीर, प्रेम, घरातली भांडणं या विषयांवरचं कोणी काय नेलं, हे वर्गासमोर तर नाहीच, स्टाफरूममध्येही बोलायचं नाही. एकदा कुजबुज झाली की ती मुलगी परत येत नाही.

कुलूपबंद कपाटांचं मूळ भीतीत आहे : हरवलं तर भरून कोण देणार? पुस्तकं वापरासाठी असतात, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा पहिला नियम 1931 सालचा. आपली कुलपं अजून तशीच. वर्षाकाठी किती गहाळ प्रती निर्लेखित करता येतील, म्हणजे नोंदीतून कायमच्या वजा करता येतील, हे सत्राच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या. तोंडी होकार पडताळणीच्या वेळी कोणालाच आठवत नाही.

आपल्या उन्हाळ्याचंही बघा. पारा 45 ला टेकला की पेपरबॅकचा गोंद कडक होतो, पानं सुटतात. म्हणून कूलर लावतो, अन् त्याचा झोत थेट रॅकवर! दमट हवेने कागद फुगतो, पावसाळ्यात बुरशी धरतो. झोत वाचणाऱ्यांकडे, समोरची खिडकी उघडी, रॅक भिंतीपासून वीतभर लांब. तसंही विदर्भात शाळा उशिरा उघडतात. सुटीआधी प्रत्येकी चार-पाच पुस्तकं देऊन टाका, घरीच सुरक्षित राहतील.

खरेदीला मुलांना सोबत न्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, पण मुख्य दिवशी गर्दीत पान चाळायलाही जागा नसते. आदल्या दिवशी जा. घाईत विक्रेता ‘पुस्तके’ एवढंच लिहून एकरकमी बिल देतो. त्यावरून दाखल नोंदवही भरता येत नाही आणि ऑडिटमध्ये आक्षेप येतो. नाव, किंमत, सवलत असे रकाने आखलेला कागद घरूनच न्या, तो भरून त्यावर विक्रेत्याची सही-शिक्का घ्या आणि बिलाला जोडा.