टोपोशीटमधला कोळशाचा मुलूख

श्रोतेहो, नमस्कार.

चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस हा वर्धा खोऱ्यातला कोळशाचा पट्टा. उघडी खाण लागली की जमीन नुसती खोल जात नाही. वर निघालेली माती शेजारीच रचतात आणि सपाट रानात डोंगर उभा राहतो. मग मूळची जमीन होती कशी? त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार, नदीनाले, गावं दाखवणारा नकाशा, काढावी.

चंद्रपूर ५६ एम/५ या क्रमांकाच्या शीटवर येतं, घुग्घुस शेजारच्या ५६ एम/१ वर. जुन्या शीटचं प्रमाण एका मैलाला एक इंच, आणि शहराचं नाव चांदा. पुढे मेट्रिक मापं आली तशी १:५०,००० ची शीट निघाली. मुलूख सपाट, म्हणून सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी समोच्च रेषा विरळच. शाळेतल्या पोरांना असला नकाशा रिकामा वाटतो. माझं लक्ष मात्र बारीक काळ्या रेघांकडे जातं. बारमाही पाणी निळ्या रंगात, उन्हाळ्यात आटणारे नाले काळ्यात. आज ढिगाऱ्याखाली गेलेला नाला कुठून वळून नदीला मिळायचा, ते त्या रेघेवर कळतं. पावसाळ्यात पाणी भलत्याच वावरात शिरलं, तर आधी ती रेघ बघावी. तळी, विहिरी, पायवाटा तर असतातच. उठून गेलेल्या गावालाही, म्हणजे आपल्याकडच्या रिठाला, वेगळी खूण आहे.

वरोऱ्याचं जरा विचित्र झालं. तिथली सरकारी खाण १८७० च्या दशकातली; वर्ध्याहून रेल्वे आली ती तिच्या कोळशापायी. १९०६ मध्ये खाण बंद पडली. देशभर रंगीत एक इंची नकाशे काढायचं ठरलं १९०५ मध्ये! म्हणजे चालती खाण या रंगीत शीटवर शोधण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा १८७७ चा, ह्यूज यांनी भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागासाठी वर्धा खोऱ्यावर लिहिलेला अहवाल पाहावा.

टोपोशीटवर दिसते ती वरची जमीन, खालचे बोगदे नव्हेत. त्यांचे नकाशे खाणीच्या कचेरीत असतात. खाण कायमची बंद झाली की ते धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या यंत्रणेकडे द्यावे लागतात. जुन्या भूमिगत खाणीवरच्या गावात घराला भेग पडली, तर दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून बघायला हवेत. फक्त प्रमाणाचा घोळ सांभाळा: जुन्या शीटवरचा एक इंच म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर, नव्या शीटवरचे दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर.