जागलीचे डोळे, जागलीचे कान

(दृश्य : पौषातली संध्याकाळ. वर्धा नदीच्या खोऱ्यातलं काळ्या मातीचं वावर. एका अंगाला उभी तूर, दुसऱ्या अंगाला घाटे भरत आलेला हरभरा.)

दिवस बुडाला. थोड्या वेळात डुकरं नाल्यातून वर येतील, रोह्यांचा (नीलगायींचा) कळप तुरीत शिरेल. मोटरची थ्री फेज लाइन रात्रीची असली तर ओलितालाही, म्हणजे पिकाला पाणी द्यायलाही, कुणीतरी येईल. विदर्भात हिवाळाभर कितीतरी माणसं अशी रात्री वावरात असतात. त्यांची सगळी मदार डोळ्यांवर आणि कानांवर. ही दोन्ही इंद्रियं अंधारात दिवसापेक्षा वेगळ्या रीतीने चालतात. ती रीत शिकता येते, आणि जागलीला, म्हणजे रात्री पिकाच्या राखणीला, बसणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असायला हवी.

(दृश्य : धुऱ्याजवळ, म्हणजे वावराच्या बांधाजवळ, लावलेली मिरचीची झाडं. उजेड कमी होत जातो.)

या मिरचीकडे पाहा. उजेडात लाल मिरची आधी डोळ्यात भरते. दिवस मावळला की उलटं होतं : मिरची काळी पडते आणि पानं तिच्यापेक्षा उजळ वाटायला लागतात. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हा बदल नोंदवला. कारण आहे दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर. तिथे दोन जातींच्या पेशी असतात. सुमारे ६० लाख शंकूपेशी रंग आणि बारकावा ओळखतात, पण त्यांना उजेड भरपूर लागतो. सुमारे १२ कोटी दंडपेशींना रंग कळत नाही. मात्र अगदी अंधुक उजेडातही त्या काम करतात. निळसर हिरवा उजेड त्यांना सर्वांत चांगला जाणवतो, गडद लाल जवळजवळ जाणवतच नाही. मिरची काळी दिसू लागली, म्हणजे डोळ्याचं काम दंडपेशींकडे जायला लागलं.

हे काम एकदम जात नाही. डोळ्याची बाहुली काही सेकंदांत २ मिलिमीटरवरून ७-८ मिलिमीटरपर्यंत उघडते, पण तेवढ्याने आत येणारा उजेड बारा-पंधरा पटच वाढतो. म्हातारपणी बाहुली एवढीही उघडत नाही. डोळ्याची संवेदनशीलता खरी वाढते ती लाखपटीने, आणि ती रसायनामुळे. दंडपेशींत ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. उजेडाने ते फिकं पडतं आणि अंधारात, ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या घटकाच्या आधारे, पुन्हा तयार होतं. शंकूपेशी पाच ते दहा मिनिटांत त्यांच्या मर्यादेला पोचतात. इथेच फसगत होते. माणसाला वाटतं, डोळे सरावले, आता यापेक्षा जास्त दिसणार नाही. दंडपेशी मात्र त्यानंतरही सुधारत राहतात आणि पूर्ण तयारीला ३० ते ४० मिनिटं घेतात. म्हणून अंधार पडताच मचाणावर जाऊन बसावं. डुकरं आल्यावर धावत जाणाऱ्याला ती दिसणार नाहीत.

तयार झालेला डोळा किती टिपतो याचं मोजमाप झालेलं आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हेक्ट, श्लेअर आणि पिरेन या तिघांनी माणसांना अर्धा तास अंधारात बसवून क्षणभराची झळक दाखवली. १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या हिशेबानुसार, दंडपेशींनी उजेडाचे ५ ते १४ कण शोषले तरी माणसाला झळक दिसते. इतका नाजूक डोळा आपण मोबाइल पाहून बिघडवतो. मंद केलेल्या पडद्याने काही मिनिटांचं नुकसान होतं. ट्रॅक्टरचा हेडलाइट किंवा सोबत्याची हेडटॉर्च थेट डोळ्यांत आली तर भरून यायला बराच जास्त वेळ लागतो.

उपाय सोपा आहे. दोन्ही डोळ्यांची तयारी वेगवेगळी होते. घड्याळ पाहायचं असेल, बिडी पेटवायची असेल, तर एक डोळा घट्ट मिटून घ्या. उजेड गेल्यावर तो डोळा पूर्वीइतकाच पाहतो. बसल्या जागी उजेड लागलाच तर मंद लाल दिवा वापरा. तो दंडपेशींना फारसा जाणवत नाही, म्हणून त्यांची तयारी टिकते.

(दृश्य : धुऱ्यावरून चालणारे पाय, गमबूट, हातात काठी आणि बॅटरी.)

धुऱ्यावरून चालताना मात्र यातलं काहीही करू नका. तिथे पांढऱ्या उजेडाची चांगली बॅटरी पायांपुढे हवीच. दंडपेशींना हालचाल कळते, बारकावा कळत नाही. दिवसा जे अक्षर ६० मीटरवरून वाचता येतं, ते दंडपेशींच्या भरवशावर वाचायला साधारण ६ मीटरवर यावं लागतं. पाचोळ्यातली घोणस अशा डोळ्यांना वेगळी काढता येणार नाही. मण्यारीबद्दल तर स्पर्शही खात्रीचा नाही : तिच्या दंशाला पुष्कळदा दुखत नाही, सूजही येत नाही. काहीतरी चावल्यासारखं वाटलं आणि दुखत नाही म्हणून घरी झोपून राहिलं, तर काही तासांत पापण्या जड होतात, मग श्वास अडकतो. दुखणं नसलं तरी दवाखाना लगेच गाठायचा.

आता मचाणावर परत येऊ. एखादी सावली दिसते, नीट पाहावं म्हणून नजर रोखली की नाहीशी होते. डोळ्याच्या अगदी मध्यबिंदूत, जिथे दिवसा सर्वांत स्वच्छ दिसतं, तिथे दंडपेशी नसतातच. त्या सर्वांत दाट असतात मध्यापासून सुमारे २० अंशांवर. हात लांब केला तर मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. रात्री जे पाहायचं, त्याच्या एक मूठ बाजूला नजर ठेवा, म्हणजे सावली टिकेल. पण नजरही एका जागी गोठवू नका. डोळा स्थिर राहिला की कडेची अंधुक वस्तू काही सेकंदांत विरते. हे स्विस वैद्य ट्रॉक्सलर यांनी १८०४ मध्येच लिहून ठेवलं आहे. तुरीच्या टोकापासून नाल्यापर्यंत थांबत थांबत नजर फिरवणं, हे त्यावरचं उत्तर.

(दृश्य : दूर एकटा दिवा. बाकी काळोख.)

हा दिवा हलतोय असं वाटतं का? तो खांबावर आहे. आजूबाजूला दुसरं काही दिसत नसलं की डोळ्याची स्वतःची हालचाल आणि दिव्याची हालचाल मेंदूला वेगळी काढता येत नाही. काठी उभी धरून तिच्या कडेला दिवा ठेवून पाहा, तो जागेवर येईल.

रात्री वाट चुकून माणूस त्याच वावरात फिरत राहिला, तर गावात म्हणतात चकवा लागला. हा अनुभव खरा आहे. २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात वाट नोंदणारं जीपीएस देऊन सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक सरळ गेले. तो ढगाआड गेला, मावळला, की वळू लागले, स्वतःच्याच वाटेवर परत आले, आणि आपण सरळ चाललोय अशी त्यांची खात्री होती. डोळे बांधल्यावर काहींनी जेमतेम २० मीटर व्यासाचे फेरे घेतले. सरळ म्हणजे कुठे, या अंदाजात पावलागणिक थोडी चूक होते आणि ती साचत जाते. बाहेरची खूण मिळाली की ती दुरुस्त होते. म्हणून वाट सुटली तर पिकाचं एक तास, म्हणजे पिकाची एक ओळ, धरून चालावं. तास संपलं की धुरा येतोच.

(दृश्य : काळोख. फक्त आवाज : रातकिडे, मग पाल्याची सळसळ.)

डोळ्यापेक्षा आधी खबर देतो तो कान. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोचतो. डाव्याला उशीर होतो तो जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाचा. सेकंदाच्या एक लाखाव्या भागाइतका फरकही मेंदू ओळखतो. पण अगदी समोरून आणि अगदी मागून आलेल्या आवाजात हा फरक शून्यच असतो. तेव्हा उपयोगी पडतात कानाच्या पाळीच्या वळ्या. बारीक, सळसळत्या आवाजात त्या जो बदल करतात, त्यावरून पुढचं-मागचं कळतं. थंडीमुळे कानावर दुपट्टा आवळून बांधला की नेमकी हीच खूण बुजते, आणि मागचं डुक्कर पुढे वाटतं. चाहूल घ्यायच्या वेळी कान मोकळे करा आणि मान हळूहळू दोन्ही बाजूंना वळवा. मान वळताना दोन कानांतला फरक बदलतो, त्यावरून दिशा पक्की होते. मोटरजवळ बसू नका, तिची घरघर पावलांचा आवाज गिळून टाकते.

डोळे-कान तयार असले तरी लक्षही टिकायला हवं. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना घड्याळासारख्या तबकडीवरच्या काट्याच्या दुहेरी उड्या दोन तास टिपायला लावल्या. पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका वाढल्या. अर्धा अर्धा तास आलटून पालटून बसवलं तेव्हा लक्ष टिकलं. जागलीला दोघं असतील तर पाळी अर्ध्या तासाची ठेवावी; मध्यरात्रीपर्यंत तू, पुढे मी, ही वाटणी दोघांनाही थकवते.

आणि मागच्या आठवड्यात हरभरा उद्ध्वस्त झालेल्या माणसाला प्रत्येक सावलीत डुक्कर दिसतं. त्याचे डोळे बिघडलेले नसतात. ‘आहे’ म्हणायला त्याला पुरावा कमी लागतो, इतकंच. मचाणावरून हाकारा द्यायला हा कमी पुरावा पुरेसा आहे, डबा वाजवून नुकसान काहीच नाही. खाली उतरायचं की नाही हे ठरवताना मात्र एवढ्यावर जाऊ नये, कारण समोर पिलांची डुकरीण असू शकते, आणि ताडोब्याच्या अंगाला वाघही.

अर्धा-पाऊण तास अंधारात बसूनही सोबत्याला दिसतं ते आपल्याला दिसत नसेल, तर ते वयावर ढकलू नका. रातांधळेपणामागे ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, मोतीबिंदू असू शकतो, दृष्टिपटलाचा आनुवंशिक आजारही असू शकतो. त्यातले पहिले दोन बरे होतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि तपासणी होईपर्यंत जागलीला एकट्याने जाऊ नका. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याच्या ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मात्रा आशाताईंकडे विचारून घ्या. नवव्या महिन्यात पहिली, सोळाव्या ते अठराव्या महिन्यात दुसरी, मग दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ.